फुली नसलेलं चाक

चाकांवर पुन्हा बोटं उमटली होती.

जावयानं हातातला प्रायमरचा डबा टेबलावर आदळला आणि कपाटाचं दार सताड उघडलं. सकाळीच त्यानं स्वतःच्या हातानं, म्हणजे हातमोजे घातलेल्या हातानं, चारही चाकं या गरम कपाटात वाळायला ठेवली होती. तेव्हा ती कशी एकसारखी तपकिरी-सोनेरी दिसत होती, बघत राहावीत अशी. आणि हा घरी जाऊन जेवून येतो तोवर त्यांच्यावर काळपट डाग. डाग तरी कसले, चक्क बोटं! चार इकडे, अंगठा तिकडे. कुणीतरी येऊन एकेका चाकाची गालाला हात लावून विचारपूस करून गेलं होतं.

"अरे, आहे कोण हा!" तो ओरडला. शेडमध्ये कुणीच नव्हतं. पलीकडे घरात सासूबाईंचं शिलाई मशीन खडखडत होतं, तेवढाच काय तो आवाज.

आता एखाद्याला वाटेल, चाकाला हात लागला म्हणून माणसानं एवढं आकांडतांडव करावं का? तर ही चाकं साधी नव्हती. जावयाकडे रोज येणारी चाकं ॲल्युमिनियमची असत. खड्ड्यात आपटलेली, फुटपाथला घासलेली, गरीब स्वभावाची. त्यांना धुवा, घासा, उघडी टाका, ती मुकाट्यानं सोसतात. ही होती मॅग्नेशियमची, जुन्या काळी शर्यतीच्या गाड्यांना बसवत तशी. वजनाला इतकी हलकी की एका हातानं उचलावीत, आणि नखरे मात्र राणीचे. ओल सोसत नाही, मीठ सोसत नाही, अंगावर कपडा नसेल तर हवासुद्धा सोसत नाही. जुना रंग काढला की ॲसिडात बुडवून साफ करायचं, लगेच दुसऱ्या रसायनात बुडवून तो सोनेरी थर चढवायचा, थर वाळला की आणखी वेळ न दवडता प्रायमर मारायचा. या मधल्या वेळात उघडा हात लागला तर हाताच्या घामानं धातू सडायला लागतो. आधी काळपट पडतो, मग पांढरी भुकटी धरतो. शिवाय या धातूचा कीस पेट घेतो, आणि पाणी टाकलं तर जास्तच भडकतो. म्हणून शेडच्या कोपऱ्यात कोरड्या वाळूच्या बादल्या ठेवल्या होत्या. त्या वाळूचा उपयोग आतापर्यंत फक्त शेजारच्या मांजरानं केला होता, आणि तो कशासाठी हे सांगायला नको.

पहिल्या खेपेला तर त्याला काही कळलंच नव्हतं. डाग पुसट होते, उजेड कमी होता, त्यानं वरून प्रायमर मारून घेतला आणि चाकं भट्टीत भाजून काढली. आठवड्याभरात प्रायमर फुगला. फोड आले, तेही बोटांच्या आकाराचे. जावई कितीतरी वेळ त्या फोडांकडे बघत बसला होता. नंतर त्यानं चारही चाकं खरवडली, परत ॲसिड, परत सोनेरी थर. आणि आज पुन्हा हे.

बरं, ही चाकं दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं सरळ हात वर केले असते. पण ती अप्पांची होती.

अप्पा म्हणजे त्याचे सासरे. आयुष्यभर त्यांनी एका फाउंड्रीत तपासनिसाचं काम केलं. ओतकामातून निघालेला प्रत्येक तुकडा त्यांच्या टेबलावरून जायचा. आधी डोळ्यांनी बघायचे, मापं घ्यायचे, आणि शेवटी हातमोजा काढून, डोळे मिटून, त्यावरून उघडा अंगठा फिरवायचे. अंगठ्याला काही खटकलं की खिशातून लाल खडू काढून फुली मारायचे. फुली पडलेला तुकडा परत भट्टीत. मग फोरमन येऊन गयावया करो की खुद्द मालक येवो. "अप्पा, एवढ्यानं काय होतंय?" असं जो तो म्हणायचा, आणि अप्पा उत्तर न देता पुढचा तुकडा ओढायचे. सगळी फाउंड्री त्यांना फुलीवाले म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं.

निवृत्त झाल्यावर फाउंड्री सुटली, खडू काही सुटला नाही. बाजारातून आणलेला टोमॅटो नरम निघाला की त्यावर फुली. घराचा दरवाजा नीट बसत नसला की सुताराच्या देखत फुली. आणि जावयाची ही शेड होती अप्पांच्याच घरामागे, त्यांच्याच जागेत. त्यामुळे तिथलं हरेक काम अप्पांच्या नजरेखालून जायचं. गिऱ्हाईक यायच्या आधी रिमा चकचकीत करून ओळीनं मांडून ठेवाव्या, आणि चहा पिऊन परत यावं तर एकीवर लाल फुली. का? तर आतल्या बाजूला रंगाचा एक ओघळ राहिलाय. तोंडानं बोलतील तर शपथ. लग्न झाल्यापासून जावयानं त्या फुल्या पुसत पुसत संसार केला होता. त्याचं बिऱ्हाड गल्लीपलीकडे वेगळं असूनही नातेवाईक पाठीमागे त्याला घरजावई म्हणायचे, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण ती फुली! ती बघितली की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याच अप्पांनी एक दिवस शेडच्या दारात उभं राहून, घसा खाकरून म्हटलं होतं, "जावईबापू, माझ्या गाडीची चाकं तुम्ही कराल का?"

ती गाडी अंगणात ताडपत्रीखाली लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तरुणपणी अप्पांना शर्यतीचा नाद होता, त्या वेळची. लग्न झाल्यावर ते त्याच गाडीतून आईंना, म्हणजे सासूबाईंना, डोंगरापलीकडच्या तळ्यावर घेऊन गेले होते. पोहोचायला उशीर झाला, दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती, म्हणून गाडीतून खाली न उतरताच मागे फिरावं लागलं. पुन्हा निवांत जाऊ, असं अप्पा तेव्हा म्हणाले. पुढे मुलं झाली, फाउंड्रीत बढती मिळाली, गाडी ठोकळ्यांवर चढली, आणि ते निवांत जाणं राहूनच गेलं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना स्पष्ट सांगितलं होतं, की हे वर्ष चालवायची तेवढी चालवा, पुढच्या वर्षी स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

इंजीन मेकॅनिकनं चालू करून दिलं होतं. ब्रेक नवे बसले होते. अडलं होतं ते चाकांवाचून. आणि दुसरी चाकं लावायचीही सोय नव्हती, कारण ही चाकं मधल्या एकाच मोठ्या नटावर बसायची. तशी आता कुठे मिळत नाहीत, बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. स्टेपनी तर ताडपत्रीखालीच सडून तिचा चुरा झाला होता. ही चार होती, तेवढीच.

"मला काही हौस नाही त्या गाडीची," आई म्हणायच्या. "त्या सीटवर माझी कंबर राहत नाही."

"तिचं काय ऐकता!" अप्पा म्हणायचे. "गाडीच्या गाद्यांना नवी कव्हरं कोण शिवतंय ते विचारा."

तर असं सगळं होतं. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या हातात काही दिलं होतं, आणि तो ते पुन्हा पुन्हा सडवत होता.

त्या दुपारी पेंटर नेमका शीळ घालत आत आला. पेंटर जावयापेक्षा वयानं मोठा, हाताचा चांगला, पण एका जागी न थांबणारा माणूस.

"चाकांना हात लावलास?" जावयानं विचारलं.

"मी? मी कशाला लावू?"

"मग ही बोटं कुणाची?"

पेंटरनं वाकून बघितलं. "मोठी आहेत बोटं. माझी नाहीत."

"मोठी कसली? डाग पसरतो, मोठा होतो! दुपारी शेडमध्ये तू असतोस. मी नसतो. मांजराला बोटं नसतात. आता तूच सांग मला, कोण उरलं?"

"मालक, मी दुपारी कोपऱ्यावर चहाला जातो. सगळ्यांना माहीत आहे."

"कुलूप लावून जातोस?"

"लावतो."

"मग कुलपातून भूत येतं का इथं?"

पेंटरनं शीळ थांबवली. त्यानं आपला ॲप्रन काढला, शांतपणे घडी केली, खिळ्याला अडकवायचा सोडून जावयाच्या हातात दिला. "इतकी वर्षं तुमच्या चाकांना रंग देतोय. भूत सापडलं की बोलवा." आणि तो निघून गेला. जावई त्या ॲप्रनकडे बघत उभा राहिला. आता प्रायमर मारायचा कुणी? जावयाचा हात घासकामात तरबेज, पण स्प्रे गन हातात आली की ओघळ हमखास. तेवढ्यासाठी तर अप्पांच्या निम्म्या फुल्या पडत.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तू त्याला चोर म्हणालास?"

"चोर नाही म्हणालो. भूत म्हणालो."

"मग बरोबर आहे त्याचं. आणि अप्पांना सांगितलंस का चाकं परत खराब झाली ते?"

"त्यांना काय सांगू? खडू घेऊन तयारच बसलेत."

"या वेळी नाही मारलेली त्यांनी एकही फुली," बायको म्हणाली. "मला तर आश्चर्यच वाटतंय."

हे मात्र खरं होतं. फोड आलेली चाकं अंगणात उघड्यावर पडली होती, अप्पा रोज तिथून जात होते, तरी एकाही चाकावर लाल रेघ नव्हती. जावयाला तेव्हा आतून थोडं बरंच वाटलं होतं. म्हातारा मऊ पडला, असं त्याला वाटलं. आपलं काम त्यांना पटलं असणार, नाहीतर ते गप्प बसणारे नव्हेत. या एका विचारावर तर त्यानं सगळा त्रास काढला होता.

मग तिसऱ्यांदा तेच सगळं. ॲसिडाचा तो घशात बसणारा वास, रबरी ॲप्रन, धुणं, सोनेरी रसायनाची टाकी. पाठ मोडून आली. या खेपेला त्यानं कपाटालाही कुलूप लावलं, त्याची किल्ली पत्र्याच्या डब्याखाली नेहमीच्या जागी ठेवली, शेडचं मोठं कुलूप लावलं आणि तो जेवायला गेला. परत आला तर दोन्ही कुलपं जशीच्या तशी. त्यानं मोठ्या आशेनं कपाट उघडलं.

तीन चाकं स्वच्छ होती. चौथ्यावर डाग होता. एकच, अंगठ्याचा, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, मागल्या बाजूला, जिथे एक आरा हबला मिळतो तिथे. तोही एकदा टेकून उचललेला नव्हता. पुढे-मागे, पुढे-मागे, घासून घासून तिथला सोनेरी थर पार निघाला होता.

जावयानं मटकन स्टुलावर बसकण मारली. त्याला रडावं की हसावं कळेना. भुतालासुद्धा एवढी खोड नसते! आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेडच्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक त्याच्या खिशात. दुसरी जागेच्या मालकाकडे. आणि डब्याखालची जागा जागेच्या मालकाला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला निघाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. शेडचं दार लोटलेलं होतं. आत अप्पा उभे होते. चौथं चाक त्यांनी कपाटातून काढून टेबलावर पालथं घातलं होतं, डोळे मिटले होते, आणि त्यांचा उघडा अंगठा त्याच जागेवर सरकत होता.

"अप्पा!"

अप्पांनी डोळे उघडले. हात मात्र पटकन काढला नाही.

"तुम्ही? तुम्ही होय!" जावयाचा आवाज चिरकला. "मी इकडे ॲसिडात हात पोळून घेतोय, पेंटरला नाही नाही ते बोललो, तो माणूस घर सोडून जावं तसा गेला, आणि तुम्ही रोज येऊन चाकं चाचपताय? तुम्ही? तुम्हाला हा धातू माहीत नाही? उघडा हात लावायचा नाही, हे मी तुम्हाला सांगायचं?"

अप्पांनी अंगठा सदऱ्याला पुसला.

"विश्वास नसेल तर द्यायचं नव्हतं काम! इतकी वर्षं फुल्या मारल्यात, आता काय चोरून? घ्या, हे चाक घ्या. काढा तो खडू आणि मारा एकदाची फुली! चारही चाकांवर मारा! माझ्या कपाळावर पण मारा!"

बोलून झाल्यावर त्याचे त्यालाच कान गरम लागले. आता अप्पा बोलतील, आणि असं बोलतील की आठवडाभर जेवण जाणार नाही, म्हणून तो वाट बघत उभा राहिला. अप्पांचा हात खरोखरच सदऱ्याच्या खिशाकडे गेला. आत गेला. आणि रिकामा बाहेर आला. त्यांनी चाक उचलून, सदऱ्याच्या टोकानं धरून, पुन्हा कपाटात ठेवलं आणि ते दारातून बाहेर पडले.

जावई तिथेच उभा. भांडण जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना. अप्पांना कुणी "मारा फुली" म्हणावं आणि त्यांनी ती मारू नये? आरा जरा वाकडा दिसला तरी ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी चाक हातात घेऊन, चाचपून, न बोलता परत ठेवावं? त्यानं कपाट उघडलं आणि ते चौथं चाक बाहेर काढलं. ती घासलेली जागा दिव्याखाली धरून बघितली. काही दिसेना. हातमोजा काढून, कुणी बघत नाही ना याची उगाच खात्री करून, त्यानं तिथून स्वतःचा अंगठा फिरवला. त्याला काहीच लागलं नाही. म्हणजे अप्पांना तरी काय लागत होतं?

तपासणी त्यानं केली नव्हती असं नाही. जुना रंग काढायला काचेच्या बारीक दाण्यांचा मारा केला, त्यानंतर लगेच चारही चाकांवर तडे शोधायचा लाल द्रव लावला होता. तडा असला तर द्रव आत शिरतो, वरचा पुसून टाकला आणि पांढरी पावडर फवारली की तड्यातून लाल रेघ वर येते. तेव्हा एकाही चाकावर रेघ आली नव्हती. त्यानंतर ॲसिड. मग पुन्हा ॲसिड. मग तिसऱ्यांदा ॲसिड.

त्यानं लाल द्रवाची बाटली पुन्हा काढली. लावला. थांबला. पुसला. पांढरी पावडर फवारली आणि हात मांडीवर ठेवून बघत बसला. सुरुवातीला नुसतं पांढरं. मग आऱ्याच्या मुळाशी एक लाल ठिपका. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग ते ठिपके जोडत जोडत एक बारीक रेघ हबच्या दिशेनं सरकत गेली, वळली, आणि आत जिथे नजर पोचत नाही तिथे गेली.

त्या जागेला डागडुजी करून चालत नाही. तिथे सगळ्या गाडीचं वजन येतं. वळणावर आरा सुटला तर चाक सुटणार, आणि डोंगराचा रस्ता म्हणजे वळणांशिवाय दुसरं काही नाही. नवं चाक ओतून घ्यायचं तर साचा, ओतकाम, तपासणी यात वर्ष सहज उलटून जाईल. आणि वर्ष उलटलं की डॉक्टरांनी सांगितलेलं ते खरं होणार.

वाईट वाटायच्या आधी त्याला राग आला, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्याला माहीत होतं! माहीत असून आपल्याला राबवलं!

तो तडक अंगणात गेला. अप्पा ताडपत्री काढलेल्या गाडीच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. "अप्पा, जरा आत या," एवढंच तो म्हणाला. अप्पा उठले, मागोमाग आले. चाकाकडे त्यांनी आधी बघितलंच नाही. वाळूच्या बादल्यांकडे बघितलं, खिळ्याला लटकलेल्या पेंटरच्या ॲप्रनकडे बघितलं. शेवटी बघितलं.

"हं," ते म्हणाले.

"कधीपासून माहीत होतं?"

"काचेचा मारा करून तुम्ही अंगणात ठेवली होती ना, त्या दिवशी. अंगठ्याला जरासं खटकलं."

"माझ्या तपासणीत काही आलं नाही."

"येणार नाहीच. दाण्यांच्या मारानं वरचा धातू दबतो आणि तड्याचं तोंड मिटतं. ॲसिडानं ते उघडतं. तपासायचं असतं ॲसिडानंतर."

"मग हे मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तपासलं असतं," अप्पा म्हणाले.

घरात शिलाई मशीन चालू होतं. मधेच थांबायचं, पुन्हा खडखडायचं.

"मला आधी वाटलं, माझा अंगठा म्हातारा झालाय," अप्पा सांगायला लागले. त्यांचा आवाज नेहमीसारखा ठणठणीत नव्हता. "चारही चाकं बघितली. तीन साफ. मग रोज वाटायचं, आज परत बघू, आज लागणार नाही. हात धुऊन यायचो. तरी डाग पडायचे. फाउंड्रीतसुद्धा माझा हात खाराच होता, कच्च्या ओतकामापुढच्या तयार मालाला मला हात लावू देत नसत. कळत होतं मला, तुमचं काम मी नासवतोय. पण आल्यावाचून राहवत नव्हतं."

"आणि त्या डागांपायी मी पुन्हा पुन्हा ॲसिडात बुडवत बसलो."

"म्हणजे तड्याचं तोंड उघडलं ते माझ्यामुळेच," अप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडं हसले. "नाहीतर तुम्ही रंग मारून, चकचकीत करून दिलं असतंत, आणि मी नेली असती गाडी."

"नेली असती? माहीत असून?"

अप्पा टेबलाजवळ आले, चाकाच्या कडेला हात टेकून उभे राहिले, आणि बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघून हळूच म्हणाले, "अगदी हळू नेली तर? वळणावर तर चालतच नेईन म्हणा ना. जाऊन यायचं, बास. एवढ्यानं काय होतंय?"

जावयानं त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर हा प्रश्न लोकांनी अप्पांना विचारला होता आणि अप्पांनी कुणाला कधी उत्तर दिलं नव्हतं. आता ते स्वतः विचारत होते, आणि खरंच उत्तराची वाट बघत होते. एक शब्द पुरला असता. "जाऊन या" म्हटलं असतं तर अप्पांनी तो मानला असता. पेंटरला हातापाया पडून परत आणलं असतं, चाकावर रंग चढला असता, गाडी फाटकातून बाहेर पडली असती. आणि जावई जन्मभर घरातल्यांचा लाडका झाला असता, जर ती गाडी परत आली असती तर.

इतक्या वर्षांत कितीदा तरी त्याला वाटलं होतं, की एकदा, एकदाच अप्पांच्या कुठल्यातरी वस्तूवर आपण फुली मारावी आणि त्यांचं तोंड बघावं. आज ती वेळ आली होती, आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"खडू द्या, अप्पा," तो म्हणाला.

अप्पांनी खिशातून खडू काढला. झिजून झिजून नखाएवढा उरलेला. तो त्यांनी जावयाच्या हातावर ठेवला आणि मान वळवली. जावयानं हबच्या कडेला, पांढऱ्या पावडरीच्या बाजूला, एक फुली मारली. ती इतकी बारीक होती की दोन रेघा नीट एकमेकींना छेदल्यासुद्धा नाहीत.

अप्पा वळले, वाकले, चष्मा वर करून बघू लागले.

"ही काय फुली म्हणायची?" ते एकदम जुन्या आवाजात खेकसले. "डासाचा पाय आहे हा! मोठी मारा. दारातून दिसली पाहिजे. नाहीतर उद्या दुपारी मीच येईन पुसायला."

जावयानं मोठी मारली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, आऱ्यांवरून, सोनेरी थरावरून, अंगठ्याच्या डागावरून. शेवटच्या टोकाला खडू संपला आणि बोट धातूला घासलं.

अप्पांनी मान हलवली. मग दुसऱ्या खिशातून शेडची किल्ली काढली आणि चाकाच्या मधोमध, त्या मोठ्या नटाच्या भोकाशेजारी ठेवली.

"आईंना मी सांगतो," जावई म्हणाला.

"नाही. फुली तुमची. सांगायचं माझं." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "पेंटरला बोलवा आधी. बाकीच्या तीन चाकांवर प्रायमर चढला पाहिजे, ती का सडू द्यायची?"

अंगणातून जाताना त्यांनी गाडीवर ताडपत्री ओढली नाही, गाडीकडे बघितलंही नाही. जावई हातमोजे घालायचं विसरून तीन चाकं कपाटात नीट लावायला गेला, मग आठवण होऊन मागे फिरला. त्यानं हातमोजे चढवले, तरी तो कपाटाशी नुसताच उभा राहिला. त्याचं सगळं लक्ष घराकडे होतं. शिलाई मशीन खडखडत होतं. थोडं खडखडलं, आणखी थोडं खडखडलं, आणि मग थांबलं.